फडक्यातला पुरावा

त्या गॅरेजात नियम दोनच होते आणि दोन्ही उस्तादांच्या वडिलांनी घालून दिलेले होते. पहिला असा की जो दोष सांगेल त्याने पाना हाती धरायचा नाही आणि ज्याच्या हाती पाना आहे त्याने दोष सांगायचा नाही. सांगणारा आणि करणारा एकच माणूस झाला की गाड्यांना नसलेले आजार होऊ लागतात, असे वडिलांचे निरीक्षण होते. दुसरा नियम असा की गाडीतून जो भाग काढला जाईल तो धुतलेल्या फडक्यात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा. मालकाने तो उघडावा, उलटसुलट करून पाहावा आणि मगच गाडीची किल्ली घ्यावी. माणसाच्या स्वभावाविषयी कसलाही भ्रम न बाळगता केलेले असे नियम फार थोड्या संस्थांच्या वाट्याला येतात. नियम करणाऱ्याने एकच गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे फसवला जाईल तो गिऱ्हाईकच.

वडिलांमागे सांगण्याचे काम थोरल्याकडे आले आणि करण्याचे धाकट्याकडे. थोरल्याला सगळे उस्ताद म्हणत; धाकट्याला कोणी काही म्हणत नसे, हाक मारण्यापुरते ‘अहो’ पुरत असे. उस्तादांचा कान त्या भागात दाखला देण्याजोगा होता. गाडी सरळ जाताना घुमते आणि उजवीकडे वळवली की तीच घरघर वाढते, तर दोष डाव्या चाकाच्या बेअरिंगात, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघाल्यावर टकटक येते, तर चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला. असले शास्त्र कोणीही शिकू शकतो. उस्तादांची कीर्ती त्यापलीकडची होती. ते गिऱ्हाईकाला तोंड उघडू देत नसत. मालक आजार वर्णन करू लागला की ते हात वर करत आणि म्हणत, ‘तुम्ही नका सांगू, गाडी सांगेल. तिला खोटं बोलता येत नाही.’ मग मालकाला शेजारी बसवून ते एक चक्कर मारून येत, डोळे अर्धे मिटत, गाडीतून उतरत आणि एक वाक्य उच्चारत. धाकटा त्या वाक्याप्रमाणे पाना घेई.

दुसऱ्या दिवशी फडके उघडण्याचा विधी होई. हा उस्तादांचा दिवसातला सर्वांत आवडता प्रसंग. मालकाच्या तळहातावर निघालेला भाग ठेवून ते त्याला झीज दाखवत, खड्डा दाखवत, दोन बोटांत कडी फिरवून तिची खरखर अनुभवायला लावत. अपघात झाला असता की नसता याविषयी ते कधीच बोलत नसत. समोरच्याला ते आपणहून सुचेल इतकाच अवकाश ठेवत. मालक हळहळे, मान डोलावी आणि निघताना उस्तादांशी हात मिळवी. धाकट्याशी हात मिळवण्याचा प्रश्न नसे, कारण त्याचे हात तेलकट असत.

गेली काही वर्षे मात्र उस्तादांची एक तक्रार होती. बेअरिंगांचा दर्जा घसरला होता. आठवड्याला एक, कधी दोन गाड्या बेअरिंग गेलेल्या निघत. कारखानदार हल्ली पोलाद नाही, पत्र्याचे डबे वितळवून ओततात, असे ते सुट्या भागांच्या दुकानदाराला सुनावत आणि दुकानदार ‘काळच तसा आला आहे’ असे म्हणून धाकट्याकडे एकवार बघे. त्या बघण्याचा अर्थ उस्तादांना पुढे कळला. त्या वेळी त्यांनी तो सहानुभूती म्हणून जमेस धरला.

ज्या दिवशी हे सगळे फुटले तो दिवस दंतवैद्यीणबाईंचा होता. बाई जुन्या गिऱ्हाईक. कमी बोलणाऱ्या, नीटनेटक्या, समोरच्याच्या दातांकडे बघून बोलण्याची त्यांना सवय. आदल्या दिवशी उस्तादांनी त्यांची गाडी ऐकून डावे पुढचे बेअरिंग सांगितले होते. आज फडके उघडले. बाईंनी डोळे मोठे केले, ‘बापरे’ म्हणाल्या. उस्तादांनी बेअरिंग उचलले, बाहेरच्या कडीवर बोट फिरवले आणि त्यांचे बोट एका टवक्यावर अडले.

टवका अर्ध्या चंद्राच्या आकाराचा होता आणि तो त्यांचाच होता. नियमाविरुद्ध वागण्याचा त्यांच्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग. एका टॅक्सीचे बेअरिंग गंजून इतके घट्ट बसले होते की धाकट्याने हात टेकले, तेव्हा उस्तादांनी छिन्नी घेऊन स्वतः घाव घातला आणि तो चुकून कडीवर बसला. टॅक्सीवाला ते बेअरिंग न्यायला विसरला आणि ते मागच्या अंगणातल्या भंगाराच्या पिंपात गेले. आता ते, ताजे ग्रीस माखून, दंतवैद्यीणबाईंच्या गाडीतून निघाल्याचे सांगत फडक्यात पहुडले होते.

उस्तादांनी प्रवचन अर्धवट सोडले नाही. खड्डा दाखवला, खरखर ऐकवली, हात मिळवला. मात्र जाताना बाईंना सहज विचारले, आवाज गेला का. बाई म्हणाल्या, पार गेला, गाडी अगदी नव्यासारखी झाली. आणि या उत्तरानेच उस्तादांची पंचाईत केली. आवाज तसाच राहिला असता तर गोष्ट सोपी होती. भाऊ लुच्चा निघाला, गिऱ्हाईकाला नागवून भंगार दाखवतो, एवढे म्हणून चार शिव्या घालून मोकळे होता आले असते. पण बेअरिंग बदललेले नाही आणि आवाज तर गेला आहे, ही दोन विधाने शेजारीशेजारी ठेवली की तिसरे एक विधान आपोआप पुढे येत होते, आणि त्याच्याकडे बघायची उस्तादांची तयारी नव्हती. तरी काचेवर पाणी मारणाऱ्या यंत्रात पाणी भरून देतो, या सबबीने त्यांनी बाईंच्या गाडीचे बॉनेट उघडले. इंजिनाच्या कडेला पट्टा होता. काळाभोर, कोरा, छापील आकडे अजून न पुसलेला.

सैल किंवा जुना पट्टा किंचाळतो. सकाळी गाडी थंड असताना पहिल्यांदा चालू केली की, किंवा दिवे लावून स्टिअरिंग पूर्ण वळवले की, तो अशी उंच शीळ घालतो की शेजारचा माणूस खिडकी लावून घेतो. शंका असेल तर चालत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवून त्यावर पाण्याचे चार थेंब उडवावेत. आवाज क्षणभर बदलला तर दोष पट्ट्याकडे आहे असे धरून चालावे. हे उस्तादांनीच धाकट्याला शिकवले होते. घरघर आणि शीळ यांत गल्लत करणारा माणूस या धंद्यात एक आठवडा टिकत नाही. मग काल बाईंच्या गाडीची शीळ होती कुठे? काल चक्कर मारताना उस्तादांनी ऐकली होती ती फक्त टायरांची रस्त्यावरची गुणगुण.

शंका घेऊन बसणे हे त्यांच्या पेशात बसत नव्हते. शंका असली की चाचणी करायची. घरची एक जुनी गाडी होती, दोन्ही भावांच्या संसारांनी मिळून वापरलेली. दुपारी धाकटा जेवायला गेला तेव्हा उस्तादांनी तिच्या इंजिनाला हवा ओढणाऱ्या नळीला जोडलेली एक बारीक रबरी नळी उपसून सैल केली. तिथून हवा शिरली की उभी गाडी थरथरते, कधी बंद पडते, आणि बॉनेट उघडले की फुसफुस ऐकू येते. दोन बोटांचे काम आहे. मग पाण्याच्या पंपावर, कप्पीच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी त्यांनी लोखंडावर खूण पाडायच्या टोकदार पोगराने एक ठिपका उठवला. पंप ठणठणीत होता. कप्पी हलवून पाहिली, तिळभर खेळ नव्हता, पाण्याचा ओघळ नव्हता.

धाकटा आला तेव्हा उस्ताद गाडीत बसून डोळे अर्धे मिटून ऐकत होते. ‘पाण्याचा पंप,’ ते म्हणाले.

धाकट्याने थरथरणाऱ्या इंजिनाकडे पाहिले, भावाकडे पाहिले आणि मान हलवली. ‘मलाही तसंच वाटलं होतं, दादा. उद्या काढतो.’

एखाद्या माणसाने जन्मभर ज्या भाषेवर पोट भरले तिच्यातला सर्वांत ढोबळ अपशब्द उच्चारावा आणि समोरच्याने त्यावर ‘वाहवा’ म्हणावे, तसे ते झाले. उभ्या गाडीचा थरकाप आणि पाण्याचा पंप यांचा संबंध दात दुखतो म्हणून चष्म्याचा नंबर बदलण्याइतका होता. नवशिक्यालाही हसू आले असते. धाकटा हसला नाही. त्याची तालीम चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी फडके आले. आत पंप होता. दांडा खडखड हलत होता, खालच्या भोकाशी पाण्याचा पांढरट थर, आणि वर चार थेंब अजून ओले. उस्तादांनी तो पालथा केला. कप्पीच्या मागे ठिपका नव्हता.

‘तुझा कान म्हणजे कान, दादा,’ धाकटा म्हणाला.

उस्ताद उठले, गाडीचे बॉनेट उघडले, आरसा आत धरून पाहिले. ठिपका असलेला पंप जागच्या जागी होता. रबरी नळी नीट बसवलेली होती आणि पुन्हा निसटू नये म्हणून तिला कोरी क्लिप लावलेली होती. काम सुबक होते. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हेच उस्तादांना सर्वांत असह्य झाले. त्यांनी धाकट्याला बोलावून आरशातला ठिपका दाखवला आणि विचारले की हे केव्हापासून चालले आहे.

धाकट्याने आढेवेढे घेतले नाहीत. कित्येक वर्षे मनात घोळवून ठेवलेले माणूस सांगतो तसे त्याने सलग सांगितले. सुरुवात टॅक्सीवाल्यापासून झाली होती. त्याचे ब्रेक दाबले की कर्कश किंचाळत होते. ब्रेकच्या पॅडमध्ये पोलादाची एक पातळ जीभ मुद्दाम ठेवलेली असते. पॅड संपत आले की ती चकतीला घासून ओरडते, म्हणजे मालक वेळेत जागा होतो. टॅक्सी जागे करत होती आणि उस्तादांनी सांगितले, बेअरिंग. धाकट्याने चाक काढले तर पॅड संपून लोखंडावर लोखंड आले होते. त्याने पॅड बदलले, आणि बेअरिंगही काढले, कारण दादाने सांगितले होते आणि फडक्यात काहीतरी द्यायला हवे होते. छिन्नी मागायला तो उस्तादांकडे आला तो त्यासाठी. चांगले, धडधाकट बेअरिंग होते ते. गंज आणि उस्तादांचा घाव, एवढेच त्याचे दोष; खड्डे आणि खरखर पुढे पिंपात पडून आली. पुढे उंच आवाज आला की उस्तादांना तो ऐकू येत नाही, हे त्याच्या ध्यानात येत गेले. तो खरा दोष काढी आणि भंगाराच्या पिंपातून उस्तादांचा दोष शोधून फडक्यात घाली.

‘आणि गिऱ्हाईक?’

गिऱ्हाईकांना तो आधी फोन करी. पैसे खऱ्या कामाचेच घेई, त्यात त्याने कधी खोट केली नव्हती. फक्त विनंती करी की दादासमोर जरा मन राखा. सगळी राखत. सुट्या भागांच्या दुकानदाराला ठाऊक होते. दंतवैद्यीणबाईंनी तर विचारले होते की हळहळ कितपत दाखवू, फार झाली तर त्यांना संशय येईल का.

उस्तादांना बाईंचे मोठे झालेले डोळे आठवले. मग एकामागून एक सगळेच आठवले: मान डोलावणारे, चुकचुकणारे, त्यांचा हात दोन्ही हातांत घेणारे. आपण एक विद्या चालवतो आहोत असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात गाव तिकीट न काढता एक नाटक बघायला येत होते, आणि त्यातल्या एकट्या मुख्य नटाला ते नाटक आहे हे ठाऊक नव्हते.

‘तुला घरी बसावं लागलं असतं, दादा,’ धाकटा म्हणाला. ‘माणसं तुझ्या नावावर येतात. मी काय सांगणार होतो?’

‘दोष सांगायचा होता.’ उस्तादांचा आवाज चढला नाही. ‘इथे दारात येणाऱ्या प्रत्येकाला आपण त्याच्या गाडीचा दोष तोंडावर सांगतो. तेवढ्यावर वडिलांचं दुकान उभं आहे. माझा दोष तू सगळ्या गावाला सांगितलास आणि एकट्या मला नाही. कानाला यंत्र मिळतं. ब्रेक ओरडायला लागले तेव्हाच सांगितलं असतंस तर बदलायचं होतं फक्त पॅड. तू मला लोखंडावर येऊ दिलंस.’

धाकटा मान खाली घालून फडक्याची घडी घालू लागला. घडी घालता घालता, आपल्याच बचावासाठी, त्याने शेवटचे वाक्य उच्चारले आणि ते बोलला नसता तर बरे झाले असते. ‘वहिनीच म्हणाल्या होत्या, की जुन्या भागाला ताजं ग्रीस लाव. वाळकं असलं तर तू ओळखशील म्हणाल्या.’

उस्ताद घरी गेले तेव्हा बायको इस्त्री करत होती. गॅरेजातली फडकी तीच धुई. धुतलेल्या फडक्याचा नियम होता आणि तो तिने लग्न झाल्यापासून सांभाळला होता. पांढऱ्या घड्यांचा ढीग टेबलावर होता. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि इस्त्री उभी केली. दिराचा फोन येऊन गेला असावा.

तिला काही विचारावे लागले नाही. फडक्यावर डाग पडतात, ती म्हणाली. गाडीतून निघालेल्या भागाचा डाग काळा आणि चिकट असतो, साबणाला दाद देत नाही. पिंपात पडून राहिलेल्याचा तांबूस असतो, कोरडा. तांबूस डाग येऊ लागले तसे तिने दिराला विचारले आणि त्याने सांगितले. ती वाईट वाटून गप्प बसली नाही. तिने चूक दुरुस्त केली. ग्रीस तिची सूचना. हे सांगताना तिच्या स्वरात गृहिणीचा जो किंचित अभिमान होता तो उस्तादांनी नीट ऐकला, कारण तिचा आवाज जाड होता आणि जाड आवाज त्यांना अजून नीट ऐकू येत असे.

तेव्हा त्यांना घंटा आठवली. दाराची जुनी घंटा जळाली म्हणून तिने मध्यंतरी नवी बसवून घेतली होती. म्हशीच्या हंबरण्यासारखी, घोगरी. किती वाईट आवाज, असे ते म्हणाले होते आणि ती म्हणाली होती, बाजारात हल्ली असलीच मिळते.

‘जुनी घंटा कुठे आहे?’

तिने क्षणभर विचार केला आणि माळ्यावरून खोका काढला. घंटा गुंडाळून ठेवली होती. फडक्यातच. उस्तादांनी स्टुलावर चढून नवीच्या तारा सोडवल्या, जुनीच्या जोडल्या, झाकण मुद्दाम लावले नाही, आणि बायकोला बाहेर जाऊन बटण दाबायला सांगितले. ती दाराबाहेर गेली.

पितळेच्या वाटीवर इवलासा हातोडा थरथरू लागला. इतका वेगाने की त्याची कड पुसट झाली. उस्तादांनी कान जवळ नेला. हातोडा वाटीला लागत होता, हे दिसत होते. बोट लावले तर वाटी थरथरत होती. शेजारच्या घरातून कोणीतरी दार उघडून कोण आले ते पाहायला डोकावले. खोलीत मात्र संपूर्ण शांतता होती.

बायको आत आली तेव्हा ते स्टुलावरच होते. ‘जळाली नव्हती,’ ते म्हणाले.

‘नाही.’

‘तू दारात उभी राहून वाजवत बसायचीस. मी आत असायचो.’

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, हे वाक्य तिच्या ओठांवर आले असावे आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती ते गिळून बसली. उस्तादांनी नवी घंटा पुन्हा बसवली. जुनी काढून, फडके न बांधता, टेबलावर घड्यांशेजारी ठेवली, आणि तिथून ती कोणी उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात अनोळखी गिऱ्हाईक आले. तरुण बाई, शाळेत शिक्षिका, गाडी नवऱ्याची. कोणी तिला आधी फोन केला नव्हता. तिला कोणाचे मन राखायचे नव्हते. तिने सवयीने बोलायला तोंड उघडले आणि मग कोणीतरी आधी सांगून ठेवलेले आठवून थांबली. इथे म्हणे गिऱ्हाईकाने बोलायचं नसतं, असे तिने विचारले.

‘बोला,’ उस्ताद म्हणाले. ‘काय ऐकू येतं, केव्हा येतं, गाडी थंड असताना की तापल्यावर, वळताना की ब्रेक दाबल्यावर. सगळं सांगा. तुम्हाला ऐकू येतं ते मला येत नाही.’

धाकटा पाना हातात घेऊन दारात उभा राहिला. बाईने सांगितले: सकाळी चालू केली की किंचाळते, थोड्या वेळाने गप्प होते, पाऊस असला की जास्त. उस्तादांनी ऐकून घेतले. मग त्यांनी भावाकडे न बघता त्याच्याकडे बोट केले.

‘या माणसाला ऐकू येतं,’ ते बाईला म्हणाले. ‘बरीच वर्षं येतं आहे. आज तो तुमच्यासमोर सांगेल.’

वडिलांचा पहिला नियम भर दिवसा, गिऱ्हाईकासमोर मोडला जात होता. धाकट्याने पाना या हातातून त्या हातात घेतला. आपला आवाज या जागेत कसा वाटतो हे त्यालाही ठाऊक नसावे. ‘पट्टा,’ तो म्हणाला. ‘सैल झालाय. चिराही असतील, काढल्यावर कळेल.’

दुपारी फडके आले. उस्तादांनी ते स्वतः उघडले. पट्टा अजून कोमट होता. त्यांनी तो उलटा वाकवला; आतल्या अंगावर आडव्या चिरा उघडल्या. बाईच्या तळहातावर ठेवून त्यांनी त्या दाखवल्या, कडेची चकाकी दाखवली, घसरणाऱ्या पट्ट्याला अशी चकाकी येते हे सांगितले. बाई ‘बापरे’ म्हणाली नाही. तिने मान हलवली, किल्ली घेतली, धाकट्याचे आभार मानले आणि गेली.

फडके टेबलावर राहिले. मधोमध डाग होता, काळा, चिकट. धाकट्याने नेहमीप्रमाणे ते घरी पाठवायच्या पिशवीत टाकायला हात पुढे केला. उस्तादांनी त्याच्या हाताखालून फडके ओढून घेतले, डाग आत जाईल अशी घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवले.

‘दादा, वहिनी धुतील ना.’

‘यापुढे,’ उस्ताद म्हणाले, ‘फडकी मी धुईन.’